तारली कोणाच्या ताटात?

पावसाळी वारा पडून समुद्र निवळला की सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यालगत तारली आणि बांगड्याचे थवे येतात. काठावरचा जाणता माणूस पाण्याचा बदललेला रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी पाहून थवा हेरतो. मग होडी जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घेते, जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडे माणसं दोर धरून उभी राहतात. शेकडो मीटर लांबीचं ते जाळं ओढायला डझनावारी हात लागतात. ही रापण. गोव्यात रांपण, आणि ती चालवणारे रांपणकार.

रापण हे जाळं आहे, तशीच ती गावाची संस्थाही आहे. अनेक गावांत जाळ्याचे भाग वेगवेगळ्या घरांचे असतात. ते जोडले की रापण पुरी होते. मासळी विकून आलेल्या पैशाचे वाटे पडतात : जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, अंगमेहनतीचा वाटा. ज्याच्या घरात जाळं नाही, त्यालाही दोर ओढल्याचं काही मिळतं. मदतीला हात लावणारी म्हातारी किंवा शाळेतून परतलेलं पोरही चार मासे घेऊन घरी जातं. उरलेली मासळी बायका टोपलीत भरून गावोगाव विकतात, जास्तीची खारवतात, वाळवतात. मासळी भरपूर पडली तर सगळ्यांना भरपूर, नाही पडली तर सगळ्यांचाच उपास. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, तंटे होते, सावकारही होता. पण समुद्रातून आलेल्या धनाचा पहिला हिशेब वाळूतच, सगळ्यांसमोर होत असे.

तारली हा या व्यवस्थेचा कणा. तेलकट, काटेरी, स्वस्त मासा. सुरमई-पापलेट न परवडणाऱ्या घरात प्रथिनं आणि चांगली स्निग्धता याच माशाने पुरवली. आज या तारलीचा मोठा हिस्सा माणसाच्या ताटापर्यंत पोचतच नाही. तो कारखान्यात जातो, वाळवून दळला जातो, त्याचं तेल काढलं जातं आणि ते पीठ कोळंबीच्या तळ्यांत खाद्य म्हणून पडतं. ती कोळंबी गोठवून अमेरिका, चीन, युरोपला रवाना होते.

देशाच्या आकडेवारीत ही सगळी वाट प्रगती म्हणून नोंदली जाते. २०१३-१४मध्ये भारताचं मत्स्योत्पादन सुमारे ९६ लाख टन होतं. २०२२-२३मध्ये ते १७५ लाख टनांवर गेलं. त्यातले १३१ लाख टन तळी, धरणं, नद्या आणि शेततळ्यांतले, समुद्रातले फक्त ४४ लाख. जगातही २०२२मध्ये जलचर प्राण्यांच्या उत्पादनात शेतीने पहिल्यांदाच मासेमारीला मागे टाकलं. मासळीचं भविष्य तळ्यात आहे, असं त्यावरून सांगितलं जातं. परंतु तळ्यातल्या कोळंबीचं खाद्य जर समुद्रातून येत असेल, तर हे भविष्य कुणाच्या ताटातून उचललेलं आहे, ते विचारायला हवं.

नॉर्वेची मदत, परदेशाची मागणी

या कथेची सुरुवात कोकणापासून बरीच दक्षिणेला झाली. १९५२मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळमधल्या कोल्लमजवळच्या नींडकरा परिसरात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. हेतू चांगला होता. मच्छीमारांना यांत्रिक होड्या द्यायच्या, बर्फाची सोय करायची, गावाचं आरोग्य सुधारायचं. पण साठच्या दशकात गोठवलेल्या कोळंबीला परदेशी बाजारात मोठी मागणी निर्माण झाली आणि प्रकल्पाचा सगळा ओघ तिकडे वळला. कोळंबी समुद्राच्या तळाशी असते, म्हणून तळ खरवडत जाणारं ट्रॉल जाळं आलं. ट्रॉलर घेण्याइतकं भांडवल पारंपरिक मच्छीमाराकडे नव्हतं. ते किनाऱ्याबाहेरच्या व्यापाऱ्यांकडे होतं. केरळचे अर्थतज्ज्ञ जॉन कुरियन यांनी हा बदल तपशिलाने मांडला आहे : एकूण उत्पन्न वाढलं, पण ज्यांच्या नावाने योजना आली त्यांचा वाटा घसरला.

गोव्यात हेच थोड्या वर्षांनी घडलं. १९६१च्या मुक्तीनंतर सरकारने यांत्रिक बोटींसाठी अनुदानं आणि स्वस्त कर्जं दिली. ट्रॉलर घेणाऱ्यांत पिढीजात मासेमारी न करणारे, पण पैसा आणि ओळखी असलेले बरेच होते. ट्रॉलर काठाजवळच फिरू लागले, कारण कोळंबी तिथेच होती, आणि रांपणीचे थवेही तिथेच. शेजारच्या कर्नाटकात सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पर्ससीन जाळी उतरली. पर्ससीन अख्ख्या थव्याला वेढा घालून खालून दोरी आवळतं आणि पिशवीसारखं बंद होतं. रापणीने थवा काठावर येण्याची वाट पाहायची असते. पर्ससीन खोल पाण्यात जाऊन थवा आधीच गाठतं. मंगळूरच्या किनाऱ्यावरची रंपणी, म्हणजे तिथली रापण, थोड्याच वर्षांत जवळजवळ बंद पडली. तिच्यावर पोसलेली माणसं कुणी पर्ससीनवर खलाशी झाली, कुणी गाव सोडून गेली.

यातला अन्याय यंत्र आल्याचा नव्हता. इंजिन हवंच होतं. वादळात होडी वेगाने परत आणणारं इंजिन कुणाला नको असेल? सगळ्यांच्या समुद्रातून मोजक्यांना अमर्याद उचलू देणारी व्यवस्था सार्वजनिक पैशाने उभी केली गेली, हा अन्याय होता. पुढच्या पन्नास वर्षांतले सगळे तंटे त्यातूनच निघाले आहेत.

रांपणकारांनी मिळवलेला कायदा

गोव्याच्या रांपणकारांनी हे मुकाट्याने सोसलं नाही. सत्तरच्या दशकात माथानी साल्ढाणा या शिक्षकाच्या नेतृत्वाखाली 'गोंयच्या रांपणकारांचो एकवोट' उभा राहिला. मोर्चे, धरणी, समुद्रात ट्रॉलर अडवणं असं सगळं झालं. मागणी सोपी होती : किनाऱ्यालगतचा पट्टा छोट्या मच्छीमारांसाठी राखा. अशाच लढाया तमिळनाडू आणि केरळमध्येही चालू होत्या. १९७८मध्ये या संघटना एकत्र येऊन राष्ट्रीय मंच झाला. पुढे तोच नॅशनल फिशवर्कर्स फोरम म्हणून ओळखला गेला. केरळचे फादर थॉमस कोचेरी आणि गोव्याचे साल्ढाणा यांच्या पिढीने मच्छीमाराला पहिल्यांदा 'लाभार्थी' या शब्दातून बाहेर काढून हक्कदार म्हणून उभं केलं. साल्ढाणा पुढे आमदार आणि मंत्री झाले. २०१२मध्ये त्यांचं निधन झालं.

या दबावामुळेच सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले : गोवा आणि केरळमध्ये १९८०ला, महाराष्ट्रात १९८१ला. काठापासून ठरावीक अंतर किंवा खोलीपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी हा त्यांचा गाभा. पुढे १९९१मध्ये केंद्राने परदेशी भागीदारीतल्या मोठ्या जहाजांना खोल समुद्र खुला केला, तेव्हा हीच मंडळी, या वेळी ट्रॉलरवाल्यांनाही सोबत घेऊन, रस्त्यावर आली. १९९४मध्ये देशभर मासेमारी बंद ठेवली गेली. मुरारी समिती नेमली गेली आणि तिने परदेशी भागीदारीचे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. भारताच्या समुद्राचं राजकारण संसदेपेक्षा किनाऱ्यावर अधिक घडलं आहे, हे या इतिहासातून दिसतं.

आपल्याकडे सिंधुदुर्गातले गाबीत, गोव्याचे आणि रत्नागिरीचे खारवी, रत्नागिरीतले दालदी, रायगड-मुंबईचे कोळी, पालघरचे मांगेला, वसई-उत्तनचे ख्रिस्ती मच्छीमार अशी किनाऱ्याची वीण आहे. प्रत्येकाची जाळी वेगळी, मासळी वेगळी. उत्तरेकडे समुद्रात कवी, म्हणजे खांब, रोवून डोल जाळं लावायचं आणि भरती-ओहोटीने आलेला बोंबील, जवळा धरायचा. पालघरच्या सातपाटीत पापलेट, दक्षिणेला रापण. कवी कुणी कुठे रोवायच्या याचे गावोगाव ठरलेले रिवाज आहेत आणि त्यावरून वसई आणि पालघरच्या मच्छीमारांत दीर्घकाळ वादही आहेत. कागदावर नसलेले हे हक्क किनाऱ्यावर मात्र पक्के आहेत. सरकारी परवान्यात ते मावत नाहीत, म्हणून ते हिरावून घेणं सोपं जातं.

बारा मैलांची हद्द आणि रात्रीचा उजेड

महाराष्ट्रात पर्ससीनचा प्रश्न पेटला तो मुख्यतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात. राज्य सरकारने २०११मध्ये डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालावर ५ फेब्रुवारी २०१६ला आदेश निघाला : नवे परवाने बंद, असलेले पर्ससीन परवाने टप्प्याटप्प्याने कमी करून १८२पर्यंत आणायचे, आणि राज्याच्या हद्दीत पर्ससीनला फक्त सप्टेंबर ते डिसेंबर मुभा. आदेश चांगला होता. पण मालवण, आचरे, देवगडच्या समुद्रात छोट्या जाळ्यांच्या वेषातल्या पर्ससीन आणि परराज्यातले वेगवान ट्रॉलर यांच्याशी पारंपरिक मच्छीमारांच्या चकमकी त्यानंतरही थांबल्या नाहीत.

त्यात एलईडीची भर पडली. बोटीवर जनरेटर ठेवून रात्री प्रखर दिवे पाण्यात किंवा पाण्यावर सोडायचे. उजेडाकडे मासळी गोळा होते, मग तिला जाळ्याने वेढायचं. यात लहान-मोठं, विकायचं-फेकायचं असं काही उरत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०२१मध्ये आपला १९८१चा कायदा सुधारून एलईडीसाठी ५ ते २० लाख आणि अवैध पर्ससीनसाठी १ ते ६ लाख रुपये दंड ठेवला. जानेवारी २०२५पासून किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणीही सुरू झाली.

तरी दिवे लागतातच. यामागे अंमलबजावणीची ढिलाई आहे, राजकीय आश्रय आहे आणि राज्यघटनेतली एक फटही आहे. सातव्या अनुसूचीत 'मत्स्यव्यवसाय' राज्यांकडे आहे, पण प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी केंद्राकडे. बारा सागरी मैलांची, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरची ही रेषा पाण्यावर कुठे आखलेली नाही, आणि थवे तर ती ओळखतच नाहीत. बोट आत मासळी पकडते आणि बाहेर पकडली असं सांगते. २०२३मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने प्रादेशिक समुद्राबाहेर, आठवड्यातून दोन दिवस आणि दिवसाउजेडी, पर्ससीनला परवानगी दिली. त्यानंतर हा युक्तिवाद आणखी वापरला जाऊ लागला. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने प्रादेशिक समुद्रापलीकडच्या अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नियम काढले. त्यांत एलईडी आणि जोडीने ओढायच्या ट्रॉलिंगवर बंदी आहे, सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. कागद आता बराच भक्कम झाला आहे. पण रात्री समुद्रात जाणारी गस्ती नौका त्या कागदाइतकी भक्कम झालेली नाही.

पावसाळी बंदीचंही असंच. पूर्वी महाराष्ट्रात मासेमारी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांतलं जे आधी येईल तोपर्यंत बंद असे. आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसारखे ६१ दिवस आहेत. नारळ वाहून समुद्रात उतरायचं या रिवाजात माशांच्या विणीचं आणि खवळलेल्या समुद्राचं भान होतं. छोट्या होडीला १ ऑगस्टला उधाणलेल्या पाण्यात उतरता येत नाही. मोठ्या बोटीला येतं. हंगामाचे पहिले दिवस अशाने मोठ्यांच्या वाट्याला जातात.

तारलीचं पीठ

इथे आपण पुन्हा तारलीकडे येऊ. पर्ससीनला एका वेढ्यात इतकी मासळी मिळते की ताजी विकायला बाजार पुरत नाही. ती घ्यायला फिशमील कारखाने तयार असतात. कर्नाटकात मंगळूर-उडुपीच्या पट्ट्यात असे कारखाने एकवटलेले आहेत. गोव्यात आणि रत्नागिरीतही आहेत. साधारण चार-पाच किलो ओल्या मासळीचं एक किलो पीठ होतं. कारखान्याला मासळी ताजी, मोठी, देखणी लागत नाही. पिल्लंही चालतात. किनाऱ्यावर ज्याला कुणी गिऱ्हाईक नव्हतं, त्या कोवळ्या मासळीला कारखान्याने भाव दिला, आणि पिल्लं पकडणं हा धंदा झाला.

तारलीचे चढउतार जुनेच आहेत. पावसाचं मान, समुद्राचं तापमान, तळातून वर येणारं पोषक पाणी यांवर तिची वाढ ठरते. एल निनोच्या वर्षांत ती आटते. केरळमध्ये २०१२ला तारलीचं उत्पन्न चार लाख टनांच्या घरात होतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०२१मध्ये ते अवघं ३,२९७ टन उरलं. या घसरणीचा मोठा दोष हवामानाकडे जातो. पण निसर्गाने मारलेला मासा पुन्हा उभा राहायचा तर पिल्लं वाचायला लागतात, आणि नेमकी तीच आपण दळत असतो. महाराष्ट्रात २०१९मध्ये सागरी मासळीचं उत्पन्न २.०१ लाख टनांवर आलं. पंचेचाळीस वर्षांतलं ते सर्वांत कमी होतं. त्या वर्षी वादळांमुळे मासेमारीचे दिवसही बुडाले. राज्याने २०२३मध्ये ५४ जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला, त्याखालची मासळी पकडणं-विकणं बेकायदा केलं. हा नियम बाजारातल्या पाटीवर तपासला जातो तेवढाच कारखान्याच्या फाटकावर तपासला गेला, तर त्याला अर्थ येईल.

अन्नाच्या हिशेबाने पाहिलं तर हा व्यवहार तोट्याचा आहे. स्वस्त, पौष्टिक, गावात खपणारा मासा देऊन आपण महाग, निर्यातीची कोळंबी घेतो. पैशाच्या हिशेबाने तो फायद्याचा दिसतो, कारण तारलीवर जगणाऱ्या कुटुंबांची भूक कुठल्याच ताळेबंदात लिहिलेली नसते.

कोळंबीची तळी

मत्स्यशेती आपल्याला नवी नाही. गोव्याच्या खाजणांत बांध घालून खारं पाणी अडवायचं, पावसाळ्यात भात पिकवायचा आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणझडपेच्या, दारातून भरती-ओहोटीबरोबर येणारी कोळंबी, मासळी धरायची, ही पद्धत शतकांपासून चालत आली. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होई आणि बांधांच्या देखभालीची जबाबदारीही सामायिक असे. जमीन, पाणी आणि मासळी यांचा हिशेब एकाच गावसंस्थेकडे होता. विदर्भात कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांत ढिवर कुटुंबं पिढ्यानपिढ्या मासळी धरत आली. वनहक्क कायदा २००६ने पाणवठ्यांतल्या मासळीवरचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे.

नव्वदच्या दशकात आलेली कोळंबीशेती वेगळ्या जातीची होती. तमिळनाडू आणि आंध्रच्या किनाऱ्यावर मोठ्या कंपन्यांनी भातशेतं घेऊन तळी खोदली, त्यांत खारं पाणी भरलं. शेजारच्या विहिरी खाऱ्या झाल्या, शेतमजुरांची कामं गेली, किनाऱ्याकडे जायच्या वाटा बंद झाल्या. सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने तिथल्या परिस्थितीचा अभ्यास करून अहवाल दिला : कोळंबीतून जेवढं मिळतं, त्यापेक्षा पर्यावरण आणि समाजाचं होणारं नुकसान जास्त आहे. ११ डिसेंबर १९९६ला न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातली, पारंपरिक सोडून इतर, कोळंबीची तळी हटवण्याचा आदेश दिला. भारतातल्या गरिबांनी न्यायालयात जिंकलेल्या मोठ्या लढायांपैकी ती एक.

तो विजय टिकला नाही. अंमलबजावणी लांबत गेली आणि २००५मध्ये संसदेने किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा कायदा करून परवान्यांची वाट मोकळी केली. २०२३च्या दुरुस्तीने ती आणखी रुंद केली. दरम्यान १९९४-९५मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूरोगाने स्थानिक वाघ कोळंबीची तळी उद्ध्वस्त केली होती. २००९पासून प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरची वन्नामेई जात आणायला परवानगी मिळाली आणि आंध्र प्रदेश देशाची कोळंबीची राजधानी झाला. २०२४-२५मध्ये भारताची सागरी निर्यात १६.९८ लाख टन आणि ६२,४०८ कोटी रुपयांची होती. त्यातली ४३ हजार कोटींहून अधिक एकट्या गोठवलेल्या कोळंबीची.

एका मालावर आणि एका गिऱ्हाइकावर इतकं विसंबणं किती धोक्याचं, ते ऑगस्ट २०२५मध्ये कळलं. अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं आणि आंध्रमध्ये तळ्याकाठचे भाव कोसळले. खाद्य आणि पिल्लं उधारीवर घेतलेल्या छोट्या शेतकऱ्याने तो फटका सोसला. खाद्य विकणाऱ्याची उधारी मात्र वसूल व्हायचीच होती.

डिझेल, बर्फ आणि बायकांचे हात

आपली मत्स्यनीती कुणासाठी चालते, ते ओळखायला भाषणं ऐकण्यापेक्षा सरकारी पैसा कुठे जातो ते पाहावं. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा मिळतो. तो लिटरवर मोजला जातो. जी बोट जास्त इंधन जाळेल तिला जास्त परतावा. डिझेल न जाळणाऱ्या रापणीच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. छोट्या यांत्रिक होड्यांना हा परतावा गरजेचा आहे, तो बंद करावा असं कुणी म्हणू नये. पण जाळलेल्या इंधनावर मदत ठरवली की मोठं इंजिन आणि लांबची फेरी यांनाच बक्षीस मिळतं. २०२०मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत २०,०५० कोटींची तरतूद होती, आणि महाराष्ट्राने २०२५मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतीचा दर्जा म्हणजे स्वस्त वीज, कर्ज, विमा. ज्याच्या नावावर तळं आणि कागद आहे, त्याला हे मिळेल. दोर ओढणाऱ्याच्या नावावर काय आहे?

रत्नागिरीच्या मोठ्या बोटींवर आता नेपाळ, उत्तर प्रदेश, कर्नाटकातले खलाशी असतात. उचल घेऊन हंगामभर काम करायचं, वाट्याच्या जागी पगार. डहाणू-तलासरीचे आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर जातात. त्यांच्यापैकी अनेकांना सागरी सीमेजवळ पकडून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढावी लागली आहेत, काहींचा तिथेच अंत झाला. त्यांनी पकडलेली मासळी निर्यातीच्या आकड्यात येते, ते स्वतः कुठल्याच आकड्यात येत नाहीत.

आणि बायका. १८७५मध्ये बांधलेल्या मुंबईच्या ससून डॉकवर पहाटे लिलाव सुरू होतो तेव्हा बोली लावणाऱ्या, वजन पारखणाऱ्या, पाट्या उचलणाऱ्या कोळणींनी धक्का भरलेला असतो. आतल्या शेडमध्ये बर्फाच्या पाण्यात हात घालून तासन्‌तास कोळंबी सोलणाऱ्या बायका असतात. त्यांची मजुरी सोललेल्या मालावर ठरते. मासळीचा व्यापार या बायकांनी उभा केला. उधारी त्यांनी सांभाळली, घर त्यांनी चालवलं. पण मच्छीमार म्हणून परवाना, बोट, परतावा हे सगळं पुरुषाच्या नावावर. मोठ्या बोटीचा माल थेट कंपनीच्या गाडीत चढला की लिलावात बसलेल्या बाईच्या टोपलीत माल येत नाही. शहरात जुन्या मंडया पाडल्या की तिची जागा आधी जाते.

डहाणूजवळच्या वाढवण बंदराकडेही याच नजरेने पाहायला हवं. ऑगस्ट २०२४मध्ये पायाभरणी झालेल्या, ७६ हजार कोटींच्या या प्रकल्पासाठी समुद्रात भराव टाकला जाणार आहे, तोही माशांच्या विणीचा म्हणून मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आलेल्या पट्ट्यात. भरपाई बोटीच्या मालकाला मिळू शकते. बोंबील वाळवणारीला ती कशाच्या आधारावर देणार?

काय करता येईल

हे सगळं अटळ नाही. ज्या शेतीला समुद्रातून खाद्य आणावं लागत नाही, तिला आधी बळ देता येतं. सिंधुदुर्गात बचत गटांच्या बायकांनी खाडीत कालवं आणि शिणाण्यांची शेती करून पाहिली आहे. कालवं आणि शिणाणे पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर वाढतात, त्यांना फिशमील लागत नाही. तळ्यांत रोहू-कटल्यासारखे मासे कमी पिठावर वाढतात आणि इथल्याच बाजारात खपतात. विदर्भातल्या तलावांचे ठेके ढिवरांच्या खऱ्याखुऱ्या संस्थांना, दीर्घ मुदतीने मिळाले तर तलावही जपले जातील.

समुद्रात पहिलं काम किनाऱ्यालगतचा पट्टा राखण्याचं. रापण संघ, डोल आणि गळाचे मच्छीमार यांना त्याच्या राखणीत कायदेशीर अधिकार द्यावेत. रात्रीचा दिवा कुठे लागला हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. फिशमील कारखान्यांनी कुठल्या बोटीची, किती आणि कोणत्या आकाराची मासळी घेतली याची नोंद ठेवणं आणि ती उघड करणं सक्तीचं व्हावं. डिझेलच्या परताव्याला बोटीच्या आकारानुसार कमाल मर्यादा हवी, आणि वाचलेला पैसा बर्फ, शीतगृह, वाळवणाच्या ओट्यांवर आणि मंडईतल्या बायकांच्या जागेवर लागायला हवा. मासळी विकणाऱ्या, सोलणाऱ्या, वाळवणाऱ्या बाईला मच्छीमार म्हणून स्वतःचं ओळखपत्र मिळायला हवं. खलाशाला विमा आणि लेखी करार हवा. यातली एकही मागणी अवास्तव नाही. बहुतेक मागण्या किनाऱ्यावरच्या संघटना वर्षानुवर्षं मांडत आल्या आहेत.

टनांची वाढ हे धोरणाचं उद्दिष्ट असू शकत नाही. एक टन मासळीमागे किती घरं जगली, त्यातली किती मासळी माणसांनी खाल्ली आणि पुढच्या वर्षासाठी किती पिल्लं समुद्रात राहिली, हे मोजलं तर बहुतेक योजनांचं यश निम्म्यावर येईल.

वाचकांनाही यात करण्यासारखं आहे. बाजारात बोटाएवढी पिल्लं दिसली तर ती घेऊ नका आणि का घेत नाही ते विकणारीला आदराने सांगा. ती तुमचं म्हणणं पुढच्या लिलावात नेईल. तारली, पेडवे, बोंबील, जवळा असे इथले, हंगामातले मासे मागा. आणि किनाऱ्यावरच्या किंवा तलावाकाठच्या मतदारसंघात राहत असाल तर मत मागायला येणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : गेल्या वर्षी आपल्या तालुक्याच्या समुद्रात गस्त किती रात्री घातली गेली, अवैध मासेमारीचा किती दंड खरोखर वसूल झाला, आणि सरकारी मदतीतले किती रुपये छोट्या होडीवाल्याच्या आणि मासळी विकणाऱ्या बाईच्या हातात पडले. या तीन प्रश्नांची आकड्यांत उत्तरं देता आली नाहीत, तर तो प्रतिनिधी मच्छीमारांचा नाही, एवढं समजून मत द्या.